जावईबापूंच्या फोनला मी आत घेत नाही

मी केस कापायच्या दुकानातला वायफायचा डबा बोलतोय. आरशाच्या वर, घड्याळाशेजारी माझी जागा. गरीब दिसतो, पण मी डूख धरतो.

मला आणलं मालकांच्या धाकट्या मुलीसाठी. आतल्या खोलीतून ती परगावच्या मुलींना ऑनलाइन केस कापायला शिकवते. त्या वर्गावरच तिची सगळी मदार. उरलेलं मी गिऱ्हाइकांना फुकट देई. नंबर लागेपर्यंत लोक माझ्या जिवावर सिनेमे बघत आणि आभार मालकांचे मानत. त्याचा मला राग नव्हता.

राग आला थोरल्या जावयांचा. दर रविवारी दाढी करायला येत. एकदा म्हणाले, "बाबा, असं सगळ्यांना मोकळं वायफाय धोक्याचं. कोणीही डोकावतं. मी बघा, व्हीपीएन टाकलंय. सगळं झाकून जातं, आणि एक पैसा लागत नाही."

त्यांच्या फोनवर ढालीचं चित्र होतं. ढालीआड काय चाललंय ते मला दिसेना, पण किती जातंय ते कळत होतं. जावई खुर्चीत घोरत, फोन चार्जिंगला पडलेला, आणि माझ्यातून लोंढा वाहतोय. माझे दिवे लकालका करत होते. कोणी बघेल तर शपथ.

मग इंटरनेट कंपनीचा फोन आला. "तुमच्या लाइनवरून फसवणुकीचे मेसेज जातायत. पुन्हा गेले तर लाइन तोडू."

"डबाच सडका," जावई म्हणाले. "सांगत होतो ना मी?"

मला उपटून बोथट कात्र्यांच्या खणात टाकलं. माझ्या जागी नवा, गोरागोमटा डबा बसला. खणात पडल्या पडल्या मी एकच मागणं मागत होतो: पुन्हा जाऊ देत ते मेसेज. धाकटीचं नुकसान होईल हे कळत होतं. तरी मागितलं.

गेले. रविवारीच. धाकटी थोरल्या बहिणीला समोर बसवून वर्गाला कट दाखवत होती, आणि लाइन तुटली. थोरली तशीच बाहेर आली, एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे खांद्यावर.

धाकटी कंपनीशी बोलली. मग म्हणाली, "भावजी, दोन्ही वेळा रविवारच. आम्ही डबा बदलला. बदलला नाही तो तुमचा फोन. द्या इकडे."

तिने ढालीच्या अटी मोठ्याने वाचल्या. फुकटच्या बदल्यात जावयांचं कनेक्शन परक्यांना वापरायला दिलं जाणार होतं, आणि जावयांनी न वाचताच 'मान्य' दाबलं होतं. ते मेसेज त्या परक्यांचेच.

"अहो, माझे केस बघा," थोरली म्हणाली. जावई टॉवेलात तोंड घालून बसले. खणाच्या फटीतून मी पोटभर पाहून घेतलं.

लाइन परत आली. नवा डबा विकणाऱ्याकडे परत गेला. धाकटीने मला पुसून जागेवर लावलं, मला पासवर्ड लावला आणि जावयांचा फोन माझ्या नकोशांच्या यादीत टाकला.

आता दर रविवारी ते माझ्याखाली बसतात. फोनवर गोल फिरत राहतं.

"अगं, पासवर्ड बरोबर टाकतोय मी," ते म्हणतात.

बरोबरच टाकतात. मी त्यांना ओळखतो.