महालामागचा निळा हात

मी पडदा बोलतोय, तुमच्या पाठीमागून. फोटो काढून घेताना तुमचं सगळं लक्ष समोरच्या काळ्या पेटीकडे असतं, मागे कोण उभं आहे याची चौकशी कुणी करत नाही. म्हणून आपली ओळख आपणच करून दिलेली बरी. खामगावात किसनरावांच्या फोटोच्या दुकानात अर्ध्या बुलढाणा जिल्ह्यानं ज्याच्यापुढे छाती फुगवली, तो मी. माझ्यावर एक महाल आहे. महालापुढे तळं आहे आणि तळ्यात दोन हंस आहेत. लोक त्यांना बदकं म्हणतात. मी तिकडे लक्ष देत नाही.

माझा जन्म अब्दुल गनींच्या अंगणातला. अब्दुल गनी म्हणजे टांग्यांवर वेलबुट्टी, ट्रंकांवर गुलाब आणि दुकानांवर पाट्या रंगवणारे पेंटर. किसनरावांनी त्यांना पडदा सांगितला, तेव्हा मांजरपाटाच्या तीन पट्ट्या त्यांच्या बायकोनं, जहांआराबींनी, हातानं जोडल्या. टाके इतके बारीक की शिवण कुठे आहे ते मलाही शोधावं लागतं. अब्दुल गनींनी आयुष्यात महाल पाहिला नव्हता. तो त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यावरून उतरवला. हंस मात्र मनानं काढले, आणि तिथंच घोळ झाला.

तळं रंगवून झालं त्या दुपारी मला दोरीवर वाळत टाकलं होतं. त्यांची तीन वर्षांची सायरा निळ्या रंगाच्या वाटीत हात बुडवून आली आणि माझ्या कोऱ्या पाठीवर, बरोबर मधोमध, तिनं पंजा उमटवला. पाच बोटं, स्वच्छ. अब्दुल गनी ओरडले. जहांआराबी पदर तोंडावर धरून हसत होत्या.

"राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "मागून कोन पाह्यते त्याले?"

खरंच, पुढची सतरा वर्षं कुणी पाहिलं नाही.

किसनरावांकडे माझे दिवस फार मजेत गेले. वर्षातून दोनदा मला गुंडाळून बैलगाडीत टाकायचे आणि आम्ही बाजार करत निघायचो. साखरखेर्ड्याला, लोणारला, एकदा पार वरवट बकालपर्यंत. काय काय पाहिलं म्हणता! एका गावात एकच कोट होता, तो चौदा माणसांनी आळीपाळीनं घालून फोटो काढले. फोटोतली घड्याळं सगळी बंद पडलेली. नवराबायको शेजारी बसायला लाजायचे आणि एकदा बसले की हलायला लाजायचे. "श्वास घ्या हो," असं किसनरावांना सांगावं लागे, कारण फोटो म्हटलं की माणसं श्वासच धरून ठेवत.

किसनरावांचा स्वभाव दिलदार. पेटीमागे त्यांचा एक हात, पण खरी करामत दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीची. काचेवर फोटो उतरला की ते खिडकीशी बसत आणि टोकदार पेन्सिलीनं काचेवर काम करत. देवीचे वण बुजायचे, खोक मिटायची, तिरळा डोळा सरळ व्हायचा. मोतीराम सुताराला तर त्यांनी नसलेले दोन दात दिले. माणूस फोटो पाहून खूश झाला की किसनराव त्याच्यापेक्षा जास्त खूश. "देवानं घाईत केलेलं काम आपून फुरसतीनं करतो," असं म्हणायचे. मलाही त्यांचं फार कौतुक. मागे महाल, पुढे गुळगुळीत माणूस, आणखी काय पाहिजे?

मग सायरा मोठी झाली. तिचं लग्न कय्यूमशी झालं. कय्यूम बसऱ्याच्या बंदरात यंत्रांच्या कारखान्यात कामाला होता, तो तिला तिकडेच घेऊन गेला. आणि वर्षभरानं त्याचं पत्र आलं. सायरा पहिलटकरीण आहे, तिसऱ्या महिन्यापासून तब्येत नाजूक, डॉक्टर बोटीत बसू देत नाही.

ते पत्र अब्दुल गनींनी दुकानात येऊन किसनरावांना वाचून दाखवलं. मागे दारात जहांआराबी उभ्या होत्या.

"पहिलं बाळंतपन माहेरी होते," त्या म्हणाल्या. "लेक माहेरी येऊ शकत नाई, तर माहेरानं तिकडं जा लागते. मी चालली."

ही बाई जन्मात अकोल्याच्या पलीकडे गेलेली नव्हती. अब्दुल गनींच्या हातात उर्सापर्यंतची मोठी कामं होती, त्यांना निघणं शक्य नव्हतं. पण सोबत मिळाली. रहेमतुल्ला नावाचे खामगावचे व्यापारी बायकोला घेऊन त्याच महिन्याच्या अखेरच्या बोटीनं बसऱ्याला निघाले होते. ती बोट चुकली तर पुढची सोबत कधी मिळेल कुणास ठाऊक, आणि सायराचे दिवस भरायला दीड महिना उरलेला. आता फक्त सरकारी पासपोर्ट पाहिजे होता. अर्ज बुलढाण्याच्या कचेरीत द्यायचा, तिथून तो नागपूरला जाणार, कारण तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले. आणि अर्जाला फोटो लावायचा.

"भाभीचा फोटो मी असा काढतो की बसऱ्याचा साहेब उठून सलाम करीन," किसनराव म्हणाले.

जहांआराबी माझ्यापुढे बसल्या. आयुष्यातला पहिला फोटो. त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण दाट होते, आणि डाव्या भुवईत खोक, लहानपणी जात्याच्या खुंट्यावर पडल्या होत्या त्याची. किसनरावांनी त्यांना महालाच्या पायरीशी, हंसांच्या उजवीकडे बसवलं. शेजारी तिवईवर कागदी फुलं ठेवली. आणि मग दोन दिवस खपून पेन्सिल चालवली. फोटो असा झाला, असा झाला की मी स्वतःवरच खूश झालो.

पाचव्या दिवशी अब्दुल गनी अर्ज परत घेऊन आले. कचेरीतले कारकून नारायणराव भला माणूस, पण नियमाला पक्का. त्यांनी फोटो डोळ्याजवळ धरला आणि विचारलं, "या बाई महालात राहतात का? राहत असतील तर अर्जात पत्ता चुकला आहे." मग नीट समजावून सांगितलं. मागे काही नको. फुलं नकोत, पायऱ्या नकोत. साधं, कोरं, एका रंगाचं पाहिजे. चेहरा समोर, पदर कानांच्या मागे.

"आनखी म्हने, बदकं पन नको," अब्दुल गनी म्हणाले.

मला जो राग आला! सतरा वर्षांची माझी इज्जत, आणि एका कारकुनानं ती एका वाक्यात काढून टाकली. किसनराव भिंतीकडे पाहू लागले. दुकानाच्या भिंतींना सगळीकडे पोपडे. धोतर टांगून पाहिलं, तर त्यातून भिंतीचे पोपडेच दिसत होते. तेव्हा अब्दुल गनी माझ्याकडे आले आणि माझ्या बापानंच मला उलटा केला.

महाल भिंतीकडे गेला आणि माझी मांजरपाटाची पाठ उजेडात आली. मला उघडं पडल्यासारखं झालं. आणि मधोमध तो निळा पंजा.

"अरे, हे तर..." अब्दुल गनी इतकंच बोलले. जहांआराबी जवळ आल्या आणि आपलं बोट त्या पाच बोटांवरून फिरवत राहिल्या. बराच वेळ.

"त्याची फिकीर नको करू भाभी," किसनराव म्हणाले. "पंजा पेन्सिलीनं बुजवतो मी." त्यांनी फोटो काढला. रात्रीत पंजा बुजवला. आणि पेन्सिल हातात होतीच, हाताला सवय होती, भाभीवर माया होती. पंजाबरोबर चेहऱ्यावरचे सगळे वणही बुजवून टाकले.

अर्ज पुन्हा परत आला. या वेळी अब्दुल गनी दुकानात येऊन नुसते बाकावर बसून राहिले. घोळ असा झाला होता. अर्जात ओळखीच्या खुणांचा रकाना असतो. त्यात अब्दुल गनींनीच लिहवून घेतलं होतं: चेहऱ्यावर देवीचे वण, डाव्या भुवईत जुनी खोक. आणि फोटोतल्या बाईचा चेहरा लोण्यासारखा. नारायणराव म्हणाले, "अर्जातली बाई एक आणि फोटोतली दुसरी. बंदरावरचा साहेब हिला बोटीवरून उतरवून देईल. पुढच्या फोटोच्या काचेला पेन्सिल लागलेली नको. लागली तर मला भिंगातून दिसते. परवापर्यंत आणला तर मी स्वतः पाठपुरावा करतो, नंतर आणला तर बोट गेली समजा."

किसनराव पांढरेफटक पडले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी तसं पाहिलं नव्हतं.

"मी बुडवलं तुले भाभी," ते म्हणाले. "मले वाटलं, बरं दिसन."

जहांआराबींनी तो गुळगुळीत फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हे कोन आहे बाप्पा?" त्या म्हणाल्या. "बाई चांगली दिसते. पन सायरा हिले वळखन का?"

त्यांनी तो फोटो तिवईवर पालथा ठेवला.

"चला, तिसरा काढा," त्या म्हणाल्या. "जशी आहो तशी."

आता अडचण पंजाची. पेन्सिल बंद, म्हणजे पंजा फोटोत दिसणार, आणि मागे कोरं पाहिजे. अब्दुल गनी घरी जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन आले. दोन मिनिटांचं काम होतं. कुंचला माझ्या पाठीजवळ आला आणि जहांआराबींनी त्यांचा हात धरला.

"त्यावर रंग नाई लावायचा."

"अवो, बोट चुकन तुही. समजते का?"

"समजते. बोटीसाठीच तर सांगून राह्यली. लेकीकडं जाऊन राह्यली मी, आन तिचाच हात पुसून जाऊ?" त्यांनी तिवई ओढली, मागे सरकवली, तिच्यावर बसल्या आणि मान ताठ केली. "माह्या डोक्यामागं येते का पाहा."

मग जे चाललं ते चाललं. किसनराव काळ्या कपड्यात डोकं घालून सांगायचे, "भाभी, दोन बोटं डावीकडं." अब्दुल गनी तिवईखाली पाटी सरकवायचे. एकदा अंगठा बाहेर दिसायचा, एकदा करंगळी. अब्दुल गनी घामाघूम, किसनराव घामाघूम. जहांआराबींना मधेच हसू फुटलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी वाऱ्यानं हलत होतो खरा, पण तेव्हा जिवाच्या करारानं ताठ राहिलो. शेवटी किसनराव कपड्याच्या आतून म्हणाले, "बसला. आता कोनी श्वास घेऊ नका." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला असं सांगितलं.

फोटो निघाला. सगळे वण, भुवईतली खोक, कपाळावरची आठीसुद्धा. किसनरावांनी तो काचेवरून उतरवला, आणि पेन्सिल गल्ल्याच्या पेटीत ठेवून ते स्वतः पेटीवर बसले, न जाणो हात जायचा. नारायणरावांनी भिंग लावून पाहिला, अर्जाच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक खूण ताडली आणि म्हणाले, "आता आल्या या बाई." ते बोलल्याप्रमाणे पाठीशी लागले. नागपूरहून पासपोर्ट आला तेव्हा बोट सुटायला चार दिवस होते. बोटीसाठी निघून जलंबच्या आगगाडीत बसताना जहांआराबींनी दोन्ही फोटो ट्रंकेत ठेवले, महालातला, आणि तिसऱ्या फोटोची एक जादा प्रत, जशा होत्या तशा चेहऱ्याची.

दीड महिन्यानं बसऱ्याहून पत्र. मुलगी झाली, दोघी सुखरूप, नानी आठ दिवस आधी पोचली. खाली सायरानं स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या. महालातला फोटो पाहून तिनं विचारलं होतं, "अम्मी, ही कोण?" दुसरा पाहिला आणि काही न विचारता तो उशाशी ठेवला. आणि त्या फोटोत आपल्या डोक्यामागे काय लपलं आहे हे अम्मीनं सांगितल्यावर फार रडली, मग फार हसली. किसनरावांनी ते पत्र अब्दुल गनींना दोनदा वाचायला लावलं. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारतात, "वन ठेवू का काढू?" बरेच जण अजून काढा म्हणतात. पण ते विचारतात.

माझंही बदललं. सरकारी फोटोवाले आले की मी पाठ करतो, हौशी आले की तोंड. आणि खरं सांगतो, आता मला पाठीची लाज वाटत नाही. माझा महाल फिका पडला आहे, एका हंसाची मान सोललेली आहे, उंदरांनी खालचा काठ कुरतडला आहे. पण उभा आहे.

गेल्या उन्हाळ्यात सायरा माहेरी आली. तीन वर्षांची लेक कडेवर घेऊन ती दुकानात आली, बरोबर अब्दुल गनी आणि जहांआराबी. किसनरावांनी मोठ्या मानानं मला उलटा केला, तो निळा पंजा दाखवायला. सायरानं त्यावर हात ठेवला, तिचा हात आता केवढा मोठा! मग लेकीला खाली सोडलं, म्हणाली, तूही ठेव. पण पोर माझ्या काठाखालून पलीकडे डोकावली आणि आनंदानं किंचाळली, "बदक!"

झालं. तिला दुसरं काही नको. तिथंच बसणार, बदकांजवळ. अब्दुल गनी म्हणाले, "बेटा, हंस आहे तो." ती म्हणाली, "बदक." मी पहिल्यांदाच मान्य केलं. असतील बदकं.

मला पुन्हा सरळ केलं. तिघी महालाच्या पायरीशी बसल्या. किसनरावांनी विचारलं, "भाभी, वन ठेवू का काढू?"

"माही नात मले याच चेहऱ्यानं वळखते," जहांआराबी म्हणाल्या. "पेन्सिल ठेवा घरी."

तो फोटो दुकानाच्या दारात लावला आहे. आलात तर पाहा. मागे महाल, तळं, बदकं, आणि पुढे जहांआराबी, देवीच्या वणांसकट. एकच विनंती आहे. तुमचा फोटो काढायला आलात की तुमच्या आईला ओळखू येईल असा काढा म्हणून किसनरावांना सांगा, बाकी महाल मी देतो. निळा हात मात्र दारातल्या त्या फोटोत दिसणार नाही. त्या दिवशी तो भिंतीकडे होता, आणि त्याला झाकायला कुणालाही मान ताठ धरून बसावं लागलं नाही.