कसले पाळक?

आमचे हे, धनाजी, सांगलीतल्या एका छोट्या चर्चचे पाळक. म्हणजे उपासना चालवायची, लग्नं लावायची, मयताला माती देताना पुढं उभं राहायचं. आत आवाज कसा खणखणीत. बाहेर मात्र कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलतील.

त्यात गेल्या महिन्यात कवठे महांकाळकडच्या एका वस्तीवर पोरांनी त्यांना अडवलं. "धर्म बाटवायला येतोस व्हय? परत दिसलास तर बघ," म्हणाले. झालं, माणूस तिकडं फिरकला नाही. आणि त्याच वस्तीवर आमच्या राहीबाई, सगळ्या वस्तीत एकट्या ख्रिस्ती. उद्या मिरजेला त्यांचं ऑपरेशन. सकाळी त्यांचा फोन आला, "धनाजी, जायच्या आदी प्रभुभोजन देशील का रं लेकरा? माघारी येतीय का न्हाई, कुणाला ठावं."

प्रभूच्या नावानं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, एवढंच ते. पण पाळकानंच द्यायचं असतं, नाहीतर मीच जाऊन दिलं असतं.

हे अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. गाडीत हवा कमी हाय, ऊन लय हाय, उद्या मिरजेलाच गाठू की. माझं डोकंच फिरलं.

"आवं, बांगड्या आणून देऊ का तुमास्नी? चला, मी बसते मागं. बघू कोण काय करतंय."

वाटभर मी त्यांना बोलतच होते. कवठे महांकाळ मागं पडलं आणि मी मागून ह्यांचा शर्ट घट्ट धरला.

वस्तीच्या तोंडाला नानासो उभा होता. घर मेंढरांचं, आता डाळिंबाची बागही आहे, आणि वस्तीतली पोरं त्याच्या शब्दाबाहेर नाहीत, असं राहीबाई सांगायच्या. त्यानं हात केला.

"कोण पावणं? काय करता?"

ह्यांनी घसा खाकरला. "पाळक हाय."

"असं व्हय?" नानासोचा चेहरा खुलला. "कसलं, शेळ्यांचं का मेंढरांचं?"

थट्टा नव्हती हो ती. मेंढरांत जन्म गेलेला माणूस, पाळक म्हटल्यावर दुसरं काय समजणार?

"शेळ्यांचं," मी पटकन म्हणाले. "बोकड बघायला आलोय."

सुटलो बाई, असं वाटलं. नानासो बाजूला सरकलासुद्धा. हे मात्र गाडी पुढं घेईनात. मी मागून चिमटा काढला. ह्यांच्या मानेवरून घाम निथळत होता.

"न्हाई," हे म्हणाले. "मी चर्चचा पाळक. राहीबाईंना प्रभुभोजन द्यायला आलोय."

असा राग आला मला. आयती वाट मोकळी झाली होती, आणि ह्या बाबाला नेमकं आत्ताच खरं बोलायचं सुचलं.

नानासोनं पोरांना बोलवायला खिशातून फोन काढला. ह्यांनी गाडीची किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. "गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. काय बोलायचं ते माघारी आल्यावर बोला. आदी आजींना भेटतो." आणि चालायला लागले. मी मागून.

राहीबाई डोक्यावर पदर घेऊन खाटेवर बसल्या होत्या. ह्यांनी प्रार्थना केली, भाकर मोडून त्यांना दिली. मग पेला पुढं केला, पण थोडा रस चादरीवर सांडला. राहीबाईंनी पेला धरला आणि डोळे मिटून प्यायल्या. तेवढ्यात दारात नानासो आला, मागं तीन-चार पोरं.

"बाई," तो मला म्हणाला, "तुमी बोकड बघायला आलाय न्हवं? मग भाईर या. ह्यात तुमचा काय संबंध?"

टोमणा होता की मला खरंच सोडत होता, कळलं नाही. जावंसं मात्र लय वाटलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. जा, म्हणत होते.

मी खाटेशेजारी खाली बसले, पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हात पुढं केले.

"मलापण द्या," मी म्हणाले. "आन् मोठ्यानं बोला, त्यास्नी ऐकू जाऊ द्या."

ह्यांनी तुकडा हातावर ठेवला. त्या सगळ्यांच्या देखत मी तो गिळला.