अठरा हजारांची भिंत

मुजम्मिलला हिशेब कळत नव्हता असं नाही. मोटारी वाइंडिंग करणारा माणूस तो, तांब्याची तार ग्रॅमवर तोलून घेणारा. पण आडत दुकानाच्या गादीवर बसून कल्याणप्पा शेठ जे सांगत होते, ते काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. वरच्या दोन खोल्या त्यानं चार वर्षं भाड्यानं वापरल्या आणि आज सोडल्या. डिपॉझिट तीस हजार. त्यातले अठरा कापून शेठ त्याच्या हातावर बारा ठेवत होते. का, तर म्हणे भिंतींचा रंग गेला.

"रंग आमीच मारला की काका, गेल्या रमजानात," मुजम्मिल म्हणाला. "शिडी तुमच्याच गोदामातली नेली होती."

"व्हय?" कल्याणप्पांनी कपाळ खाजवलं. "मग रंगाचं सोड. मोरीची फरशी फुटलीया."

"ती आमी आलो तवाच फुटकी होती. काकूंनीच सांगितलं होतं, जपून पाय टाका म्हणून."

"बरं, फरशीबी सोड. गच्चीवरची टाकी."

"टाकी माझी हाय काका. तुमाला ठेवून चाललोय."

टाकीही सोडून दिली शेठनी. मग घसा साफ करून म्हणाले, "तरीबी अठरा कापावं लागतंय बघ."

आता ह्याला काय म्हणावं? लबाड माणूस निदान आपल्या कारणाला चिकटून राहतो. हे गृहस्थ कारणं चिंचोक्यासारखी टाकून देत होते आणि आकडा मात्र घट्ट धरून बसले होते. चार वर्षांत ह्याच माणसानं लाइट बिलात कधी एक रुपया जास्त लावला नव्हता. मुजम्मिलला राग यायला हवा होता, तो येतही होता, पण अर्ध्या वाटेत त्याचं आश्चर्य होत होतं.

आणि आश्चर्य करत बसायला वेळ कुठं होता? समोर रस्त्यावर टेम्पोत सगळा संसार भरलेला. पुढच्या सीटवर त्याची बायको तरन्नुम लेकराला घेऊन बसलेली. मुरुम गावातली गॅरेजची नोकरी सोडून तो उमरग्याला स्वतःचं दुकान टाकणार होता. गाळा ठरला होता. संध्याकाळपर्यंत पूर्ण डिपॉझिट न दिल्यास गाळा दुसऱ्याला, असं मालकानं बजावलं होतं. इथले तीस तिथं द्यायचे, एवढी सरळ गोष्ट होती.

"हे बरोबर न्हाय काका," त्याचा आवाज चढला. "चार माणसं बोलवा, आन् त्यांच्या पुढं सांगा कशाचे कापले ते."

कल्याणप्पांचं तोंड पांढरं पडलं. चार माणसं बोलवायची गरजच नव्हती. पायरीवर म्हातारा शेतकरी गुंडप्पा बसला होता, तुरीच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली दारात लावून, आणि त्याचे कान इकडंच होते. चहा घेऊन आलेल्या उमाबाई कपबशी हातात धरून तशाच थांबल्या. नवऱ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "हेळ्री." एवढं कानडी मुरुममध्ये राहून कुणालाही येतं. सांगून टाका, असं त्या म्हणत होत्या.

शेठ उठले आणि मुजम्मिलला मागच्या गोदामात घेऊन गेले.

"पैसे न्हाईत," ते म्हणाले. "बाहेरच्या व्यापाऱ्यानं माझा माल उचलला, आन् पेमेंट अडकवून ठेवलंय. तुझ्या डिपॉझिटला हात लावला म्या."

"मग तसं सांगायचं की काका. भिंतींचं निमित्त कशाला काढलं?"

"गुंडप्पा बसलाय तिथं. ह्या लोकांचा माल मी आज घेतो आन् पैसे लागतील तसं ते महिन्या-दोन महिन्यानं नेतेत, निस्त्या भरवशावर. कल्याणप्पाकडं अठरा हजार न्हाईत म्हणून एकाला कळलं, की सगळे एकदम दारात येतेत. मला लबाड म्हण. लबाडाकडं पैसा असतोय, असं लोक धरून चालतेत."

भांडायला आलेल्या माणसाच्या हातातलं भांडणच कुणी काढून घ्यावं, तसं झालं मुजम्मिलला. समोरच्या म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. त्याची कीव करावी, की आपले पैसे खाल्ले म्हणून गळा धरावा, हे त्याला ठरवता येईना. काही न ठरवताच तो बाहेर आला.

"काय मिस्त्री, लई आवाज चालला होता," गुंडप्पानं विचारलं. "मिटलं का?"

मुजम्मिलनं मागं पाहिलं. शेठ दाराची चौकट धरून उभे होते.

"मिटलं," तो म्हणाला. "भिंती आमच्याकडूनच खराब झाल्या होत्या. त्याचे कापले."

गुंडप्पा खूश झाला. "कल्याणप्पा असाच हाय. पै सोडायचा न्हाय. म्हणून तर माल इथं टाकावा. मगापासून तुमचं ऐकून मन जरा बिचकलं होतं माझं, पण भांडायला आलेला माणूसच कबूल होऊन चाललाय म्हणल्यावर संपलं." त्यानं हमालाला हाक मारली. "उतरव रे सगळे कट्टे. पैसे नातीच्या लग्नाला नेतो."

तुरीचे कट्टे आत जाऊ लागले. मुजम्मिल टेम्पोपर्यंत गेला. "पूरे दिये क्या?" तरन्नुमनं विचारलं. तो दारातल्या ट्रॉलीकडं बघत राहिला. आपलं नुकसान आपण गिळलं, एवढंच त्याला वाटलं होतं. हा गुंडप्पा मधे कुठून आला, ते त्याला कळत नव्हतं. पाचवा-सहावा कट्टा आत गेला तसा तो परत फिरला.

"गुंडप्पा काका," तो खालच्या आवाजात म्हणाला, "माल टाका, पण पैसे आजच मागा. उधारीवर ठेवू नका."

गुंडप्पानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हसू पार गेलं होतं.

"तुझे कापले म्हणून माणसाला बदनाम करतूस व्हय रे? आत्ता तर म्हणलास, चूक आमचीच होती."

मुजम्मिलनं तोंड उघडलं. मागून शेठ बघत होते, टेम्पोतून तरन्नुम बघत होती, आणि त्याच्याकडं सांगण्यासारखं जे होतं, ते त्यानं स्वतःच खोटं पाडलं होतं.

"बाजूला हो जरा," हमाल म्हणाला, आणि पुढचा कट्टा घेऊन आत गेला.