फ्रियाझच्या आधीची चांदणी

आमच्या भाषाशास्त्रात एक शिस्त आहे. जो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, नुसता इतर भाषांतल्या त्याच्या भावंडांच्या तोंडावळ्यावरून जुळवला आहे, त्याच्या आधी एक छोटी चांदणी (*) घालायची. म्हणजे वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

माझे प्राध्यापक ओस्टरबिंड ती एकदा विसरले. 'मुक्त' या अर्थाचं आमचं जर्मन विशेषण 'फ्राय'. त्याचं मूळ रूप 'फ्रियाझ' त्यांनी आपल्या जाडजूड ग्रंथात चांदणीविना छापलं. तेव्हापासून सगळे पंडित ते कुठल्यातरी शिळेवर कोरलेलं आहे असं धरून चालले. संस्कृतातला 'प्रिय' त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे जो आपला, लाडका, तोच मुक्त. शब्द माझ्याही जिवाभावाचा. पण शिळा शोधून शोधून मी थकले, ती नव्हतीच. मी प्रबंधात त्या शब्दाआधी चांदणी घातली.

बायकांना विद्यापीठाची दारं नुकतीच उघडली होती. तोंडी परीक्षेला मी काळा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून गेले.

"रोडेवाल्डबाई, प्रबंध उत्तम आहे," प्राध्यापक म्हणाले. "तेवढी चांदणी पुसा, की सही करतो."

"शिळा दाखवा, आत्ता पुसते."

"माझ्या ग्रंथात छापलंय ना!"

"छापलंय तुम्ही. कोरलंय कुणी?"

"पदवी हवीय की चांदणी?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दोन्ही! एकच देणार असाल, तर चांदणी राहू द्या."

त्यांनी सही केली नाही. रस्ताभर मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू.

घरी आईने आलुबुखाराचा केक केला होता आणि दारावर सकाळीच नवी पाटी ठोकली होती: डॉ. थेक्ला रोडेवाल्ड. माझा चेहरा पाहून ती पकड आणायला धावली. "काढते गं बाई, शेजारीण बघायच्या आत."

"हात लावू नकोस, आई."

खिडक्यांचा काळा रंग उरला होता. बारीक कुंचल्याने मी 'डॉ.'च्या आधी एक चांदणी काढली.

"ही कसली नक्षी? लोक हसतील ना!"

"हसू देत. ज्याला कळायची त्याला कळेल."

प्राध्यापक रोज संध्याकाळी कुत्र्याला घेऊन आमच्याच गल्लीतून फिरायला जात. त्या दिवशीही आले, पाटी वाचली, थबकले. कानापर्यंत लाल झाले. मी खिडकी उघडली.

"पुसू का, प्राध्यापकसाहेब?"

त्यांनी कुत्र्याला ओढत नेलं. हल्ली ते पलीकडच्या फुटपाथवरून जातात. चांदणी तिथूनही दिसते.