मागे उभं राहायचं नाही

माझा आवाज मोठा आहे, हे नरडाण्याच्या साइटवर सगळ्यांना माहीत आहे. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बाईने हळू बोलून कसं चालेल? पण त्या सकाळी मी साइटवरच्या सगळ्यात जुन्या माणसावर, पंडितनानांवर ओरडले, तेव्हा सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले.

नव्या गोदामासाठी विटा रचलेले लाकडी पॅलेट उघड्या रानातून न्यायचे होते. पहिला उचलला तशी गाडीची मागची चाकं हलकी पडली. नाना सवयीने मागे चढले. आमच्याकडे रीतच ती, वजन जास्त झालं की तोल सांभाळायला मागे माणूस उभा करायचा.

"नाना, उतरा खाली."

"कसाले? तीस वरीस मी असाच उभा राहस!"

"उतरा म्हणते ना! गाडी हलणार नाही."

मी पॅलेट खाली टेकवला, गाडी बंद केली आणि चावी मुठीत धरली.

नानांचा चेहरा लाल झाला. "तुले गाडी कोणी शिकाडी? आते माले शिकाडस का?"

खरंच त्यांनीच शिकवली होती. चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणं मलाही आवडत नव्हतं. पण त्यांचा पाय चाकाखाली गेलेला बघायची माझी छाती नव्हती.

ठेकेदार रोनकशेठ धावत आले. "भाविकाताई, ट्रक खोळंबलाय. नाना तयार आहेत ना?"

"नाना असतील, मी नाही. नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघा. अर्ध्या विटा उतरवा, मी दोन खेपा करते."

कुरकुरत का होईना, माणसांनी विटा उतरवल्या. नाना बाजूला तोंड फिरवून बसले. मी सीटचा पट्टा आवळला, पॅलेट जमिनीपासून वीतभरच वर धरला आणि हळू निघाले.

काळी माती ती! वरून पापडी, आत लोण्यासारखी. अर्ध्या वाटेत पुढचं चाक खचलं. गाडीची मागची बाजू तिथल्या लोखंडी वजनासकट उसळली आणि धाडकन खाली आपटली. विटा सांडल्या. पट्टा होता म्हणून मी जागेवर राहिले. मागे वळून बघते तर नाना उभे, गाडीमागच्या आपल्या रोजच्या जागेकडे एकटक बघत.

खचलेलं चाक वर काढून खड्ड्यात मुरूम भरेपर्यंत दुपार झाली. पुढचा पॅलेट पूर्ण भरलेलाच होता; मागची चाकं हलकी होतात का, ते उचलून बघते, तर हमाल नथ्थू टुणकन मागे चढला. मी तोंड उघडायच्या आत नाना धावले आणि त्याला दंडाला धरून खाली खेचलं.

"उतर रे! ती जागा लोखंडनी शे, माणूसनी नही!"

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अर्ध्या विटा उतारा. चाल, पोरी."