‘डिस्पाइट’चा अर्थ

“ताई, उशिरा आणल्यामुळं गेली, असं तुमीच लिहिलंय ना?”

मीनाक्षीनं टायपिंग थांबवून वर पाहिलं. औरंगपुऱ्यातल्या त्या खासगी दवाखान्यात डॉक्टरांच्या खरडलेल्या नोंदी इंग्रजीत नीट टाइप करण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. त्यांचा अर्थ विचारायला तिच्या टेबलापर्यंत कुणी आलं नव्हतं.

समोर लासूर स्टेशन गावाहून आलेले, कारभारी नावाचे आजोबा उभे होते. महिन्यापूर्वी त्यांची बायको दगडाबाई इथंच हृदयविकारानं गेली. परवा नातीनं, प्रेरणानं, दवाखान्याचा कागद वाचून अर्थ सांगितला. तेव्हापासून मुलगा सोमनाथ बापाशी बोलत नव्हता.

मीनाक्षीनं कागद घेतला. वाक्य तिचंच होतं. ‘डिस्पाइट लेट अरायव्हल, ऑल एफर्ट्स वेअर मेड.’

“बाबा, पोरीचा घोटाळा झालाय. डिस्पाइट म्हणजे ‘मुळे’ नव्हे. उशीर झाला, तरीही सगळे प्रयत्न केले, असं आहे हे.”

“मंग ‘बट’ लिहायचं की! तेवढं तर मलाबी कळतं.”

ती हसणार होती, पण हसली नाही. डॉक्टरांनी ‘बट’च लिहिलं होतं. डिस्पाइट भारदस्त दिसतं म्हणून ती दर वेळी बदलायची. मग त्याच अर्थाचं ‘ऑल्दो’ का नाही? तिनं कधी विचारच केला नव्हता. तिनं कोऱ्या कागदावर डिस्पाइटचं आणि ऑल्दोचं, अशी दोन्ही वाक्यं लिहिली आणि पाहत राहिली.

“गंमत आहे, बाबा. ऑल्दोच्या पुढं अख्खं वाक्य लागतं. पेशंटला उशिरा आणलं, असं. म्हणजे आणणारा आलाच. डिस्पाइटला नुसता ‘उशीर’ पुरतो.”

“कुणी केला, ते नाय?”

“नाही.”

कारभारी खुर्चीत टेकले. “केला तर मीच. ती म्हणली, पित्त झालंय. मी सोडा पाजला. दोन तास गेले त्याच्यात.” मग त्यांनी विचारलं, “लवकर आणली असती तर वाचली असती, असं निघतं का यातून?”

मीनाक्षीनं वाक्य पुन्हा वाचलं. “नाही निघत. नसती वाचली, असंही नाही निघत.”

“लई बारीक शब्द हाय,” ते म्हणाले. “मराठीत लिहून द्या. सोमनाथला दाखवतो.”

तिनं लिहून दिलं: ‘सगळे प्रयत्न केले. तरीही दगडाबाई वाचल्या नाहीत.’

कारभारींनी अक्षर अक्षर लावत वाचलं. “उशीर कुठाय?”

“म्हटलं, कशाला...”

“लिहा. माझं नाव घालून लिहा. खरं हाय ते.”

तिनं दुसरा कागद घेतला. ‘कारभारींनी उशिरा आणलं. तरीही सगळे प्रयत्न केले. दगडाबाई वाचल्या नाहीत.’

“यातलं ‘तरीही’ कोणतं?”

तिनं दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि कागद न दुमडता, बोट न उचलता, सावकाश जिना उतरू लागले.