बिननावाची प्रार्थना

"दुखनं आलं पाव्हनं, दिला बसाया पाट गं
माझ्या येशू वैद्याची, किती बगू मी वाट गं..."

आईचा हा आवाज रेबेकाच्या कानात जात्याच्या घरघरीसकट राहिला होता. आईला जाऊन कैक वर्षं झाली. ओवी संपली की त्याच सुरात ती लेकीला बजावायची, "आन् बये, नवऱ्याचं नाव कदी तोंडावर आनू नगं. त्याचं आयुष्य तुटतं."

आता दुखणं खरंच पाव्हणं होऊन बसलं होतं आणि हलायला तयार नव्हतं. रेबेकाचा नवरा एलिया, वाडीच्या ख्रिस्ती देवळातली घंटा वाजवणारा, बाजेवर तापानं भाजत पडला होता. सोनईहून डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "मुदतीचा ताप आहे. पाणी उकळून द्या, पेज द्या. ह्याच्यावर औषध नाही." लढाईचे दिवस, औषध असतं तरी मिळालं नसतंच.

म्हणून रोज दिवस कलला की मंडळी प्रार्थनेला जमायची. बाजेभोवती बसायचं, डोळे मिटायचे आणि एकेकानं मोठ्यानं मागायचं. एकाचं आमेन होईतो दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही, ही रीत. ह्या रीतीचा सगळ्यात जास्त फायदा शेजारच्या शलमोनला झाला.

"हे बापा," तो म्हणाला, "एलियाला बरं कर. आन् औंदा त्यानं माजा बांध कोरलाय, त्येचीबी त्याला क्षमा कर. मी कवाच केलीय."

एलियाच्या कपाळाला आठी पडली. रेबेकाला तेवढंच बरं वाटलं. सकाळपासून ते कपाळ हललं नव्हतं.

मग देवळात उपासना चालवणारे योहान मास्तर. त्यांनी बायबलातल्या पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. ते मिसर देशातून बाहेर पडेपर्यंत चुलीवरचा गुळाचा चहा आटत आला. म्हाताऱ्या आक्काबाईनं एक डोळा उघडून चुलीकडे पाहिलं आणि ठासून "आमेन" म्हटलं, पण मास्तर थांबले नाहीत.

शेवटी रेबेकाची पाळी आली.

"हे बापा... ह्यांना बरं कर."

"ह्यांना म्हंजी कुनाला?" आक्काबाईनं रीत मोडली. "गावात घरटी एक 'हे' हाय. नाव घे की!"

"नाव घ्यावं, रेबेकाबाई," मास्तर समजुतीनं म्हणाले. "नाव घेऊन मागितलं की विश्वास दिसतो."

"मास्तर, डोईवरचे केसबी देवानं मोजलेत म्हन्ता ना ऐतवारी? मग केस वळखतो, आन् केसाखालचा मानूस न्हाई वळखायचा?"

शलमोन डोळे मिटूनच हसला.

"जीभ लई चालती," आक्काबाई म्हणाली. "पर नवरा हातचा चाललाय आन् एवढं नाव निघंना. विश्वासच पातळ, दुसरं काय!"

हे मात्र लागलं. नाव घ्यावं तर आईचा आवाज आडवा. न घ्यावं तर आपल्या मुक्या जिभेपायी हा माणूस जायचा. बाजेवर एलियाचा श्वास सुक्या पाचोळ्यासारखा वाजत होता. रेबेकानं त्याच्या कपाळावर हात ठेवला. चटका बसला, तरी उचलला नाही.

"देवा," ती म्हणाली, "माजा हात कुटं हाय बग. तितं बरं कर."

आक्काबाई उठली आणि तिनं चहात पाणी वाढवलं.

पुढं एका सकाळी एलियाचं अंग घामानं चिंब झालं, ताप उतरला. डोळे उघडून तो क्षीण आवाजात पहिलं वाक्य बोलला, "शलमोनला सांग... बांध मी न्हाई कोरला. बैलानं तुडिवलाय."

डॉक्टर म्हणाले, मुदत भरली. मास्तर म्हणाले, प्रार्थना फळली. शलमोनचं म्हणणं, आपल्या क्षमेचा गुण आला. रेबेका पेज ढवळत सगळ्यांना "व्हय, व्हय" म्हणत राहिली.

रविवारी एलिया काठी टेकत देवळात गेला. दोर ओढून घंटेचा एकच टोला दिला आणि दोराला धरूनच मागं उभा राहिला. सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

"कोणाला उपकार मानायचे असतील त्यांनी उभं राहावं," मास्तर म्हणाले.

बायकांतून रेबेका उठली. आक्काबाईनं शेजारणीला कोपर मारलं. "बग, आता 'हे' म्हनती."

रेबेकानं मागं वळून दोराकडे पाहिलं. आईचा आवाज कानाशी आला. पाव्हण्याला द्यावा तसा तिनं त्या आवाजाला पाट दिला, बसू दिलं. मग पुढं वळून म्हणाली,

"देवा, एलिया बरा झाला."